फियाटवरचा आळ

बोर्ली पंचतन,
ता. १२ नोव्हेंबर २०२४

ती. सत्यवतीआक्का यांस,
विनिताचा सा. न. वि. वि.

तुमचं दिवाळीचं पत्र पोचलं. कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून तुम्ही ते तांदळाच्या डब्यात टाकून दिलंत, हे वाचून विपुल पोट धरून हसला. पण आक्का, फोनवर तुम्ही काय गो म्हणायचं आणि मी काही नाही म्हणायचं, ह्यापेक्षा ही पत्रंच बरी. पोस्टमन म्हणतो, बाई, हाताने लिहिलेलं पाकीट गावात आता तुमचंच, बाकी सगळी बँकेची.

भाताची झोडणी आटोपली. शेजारच्या सोनाबाईचे गुडघे धरलेत, तरी खळ्यावर बसून पेंढ्या मोजत होती. शिवानी बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला गेली. संध्याकाळी अजून माझ्याकडेच येते अभ्यासाला. मी निवृत्त झाले तरी ही एक विद्यार्थिनी सुटत नाही, आणि सुटूही नये.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. विपुलने ह्यांच्या फियाटवरची ताडपत्री काढली. दर शनिवारी तळोज्याहून येतो आणि शेडमध्ये शिरतो. म्हसळ्याचा अल्पेश म्हणून मेकॅनिक आहे, मुंबईत टॅक्स्या दुरुस्त करून हात काळे केलेला माणूस, त्याला गाठलंय. इंजिन सुरू करायचंच म्हणतो. मी म्हटलं, एकोणीस वर्षं बंद आहे, उंदरांनी काय ठेवलं असेल? तर म्हणतो, आई, बाबांची एवढी एकच वस्तू माझ्याकडे आहे. पाच सालच्या जुलैत हे गाडीचं सामान आणायला म्हणून एस.टी.ने महाडला गेले आणि त्या पुरातून आले नाहीत, तेव्हा तो अकरा वर्षांचा होता.

तुम्हाला म्हणून सांगते. मला ते नको आहे. ताडपत्री होती तोवर तिथे काहीतरी झाकलेलं आहे एवढंच होतं. आता दोन दिवे माझ्याकडे बघतात. मी शेडकडे पाठ करून बसत नाही, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. पावसाळ्यात दुपारी तीनच्या सुमाराला मला कधीकधी सेल्फ मारल्याचा आवाज येतो. खर् खर् करतो आणि थांबतो. बाहेर जाऊन बघावं तर ताडपत्रीवर पागोळ्या. हे मी डॉक्टरला सांगितलं नाही, विपुललाही नाही.

आणि सोनाबाईचं मन आहे. तिची केसर पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, ऐनवेळी आमची गाडी बंद पडलेली, म्हणून दवाखाना गाठता आला नाही, हे सगळ्या गावाला पाठ आहे. टेम्पोत शिवानी जन्मली आणि केसर गेली. सोनाबाईने त्या गाडीला कधी बोल लावला नाही. पण रोज भिंतीपलीकडून ती गाडी दुरुस्त होताना ऐकायची, हे बरं का?

विपुल तुमचा शब्द मोडत नाही. त्याला दोन ओळी लिहा, की राहू दे.

थंडी पडतेय, छाती सांभाळा. लोभ आहेच, तो माझ्या गुडघ्यांसारखा कुरकुरत का होईना, चालू ठेवा.

आपली,
विनिता

॥ श्री बल्लाळेश्वर प्रसन्न ॥

पाली,
ता. २१ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. विनिता हिस,
सत्यवतीचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. यंत्र डब्यातून काढलं, पण आता त्याला तांदळाचा वास येतो नि मला भूक लागते. हसा तुम्ही मायलेक.

इकडे देवळाच्या वाटेवर गर्दी मायंदाळ. माझं हारांचं दुकान सूनबाई बघते. मी नुसती गाठी मारून देते. ऐकू येत नाही म्हणून गिऱ्हाईक माझ्याशी घासाघीस करत नाही, हा एक फायदा.

विपुलला वेगळी चिठ्ठी घातली आहे. तुलाही सांगते. ती गाडी उघडू नका. बंद आहे तशी भंगारवाल्याला द्या, ओढून नेईल. इंजिनाला हात लावू देऊ नको. सातवी शिकलेली बाई गाडीतलं काय सांगते, म्हणशील. म्हण. झाकली मूठ आहे ती झाकलेली राहू दे. माझ्या पाठच्या मोरूने ती गाडी जिवापाड सांभाळली. आता तिची चिरफाड कशाला?

सोनाबाईचं म्हणतेस तेही खरंच. म्हातारीचे चार दिवस उरलेत.

तुझ्या त्या आवाजाचं मी कुणाला सांगणार नाही. दुपारची झोपत जा. पोटात अन्न नसलं की नाही नाही ते ऐकू येतं. मला तर आहे ते पण ऐकू येत नाही.

पत्र मिळताच उत्तर धाड, पडून राहू देऊ नको. माया आहे ती आहेच, कागदावर लिहून वाढायची नाही.

तुझी,
आक्का

बोर्ली पंचतन,
ता. २ डिसेंबर २०२४

ती. आक्का यांस,
सा. न. वि. वि.

तुमची चिठ्ठी पोचायच्या आदल्या दिवशी बॉनेट उघडलं गेलं होतं. काय झालं ते क्रमाने लिहिते, कारण मला स्वतःलाच ते क्रमाने लावायचं आहे.

अल्पेशने आधी सायलेन्सरच्या तोंडात बोट घातलं. आतून तेलात भिजवलेलं फडकं निघालं. मग पेट्रोलची टाकी बघितली, ती पुसून घेतल्यासारखी कोरडी. चारही प्लग काढले. विजेरी मारून आत बघितलं आणि शीळ घातली. सिलिंडरमध्ये कोणीतरी मुद्दाम तेल सोडलं होतं, गंज धरू नये म्हणून. तो म्हणाला, काकी, ही गाडी बंद पडलेली नाही, ही झोपवलेली आहे. मालकाला परत चालवायची असली की असं करतात.

मला भरून आलं. वाटलं, महाडला जायच्या आधी ह्यांनी केलं असेल. पण आठ दिवसांत परत वापरायच्या गाडीला कोण एवढं करतं? तेवढ्यात विपुलने कार्बोरेटरच्या तोंडात खुपसलेला बोळा काढला. बाहेरून फडकं, आत वर्तमानपत्र. तो ते हळूहळू उलगडत बसला. त्याला जुन्या बातम्या वाचायची हौस. मग वाचता वाचता थांबला आणि कागद माझ्या हातात दिला.

तारीख ९ डिसेंबर २००५ आहे, आक्का. हे गेले पंचवीस जुलैला.

बॉनेटच्या आतल्या बाजूला एक तेलकट पंजा उमटलेला आहे. उजवा. अंगठ्याच्या बाजूचं बोट अर्धं. ह्यांचं ते बोट पंख्याच्या पट्ट्यात सापडून गेलं होतं, ते तुम्हाला माहीत आहे.

त्या डिसेंबरात माझे वडील आजारी होते. मी विपुलला घेऊन दहा दिवस नागोठण्याला होते आणि घर राखायला, दिवा लावायला तुम्ही येऊन राहिला होतात. शेडची किल्ली देवघरात असायची.

मी रात्रंदिवस हेच उगाळते आहे. मला वाटायचं, सगळ्या जगाने मला विधवा म्हणून टाकलं, लग्नाकार्यात मागे बसवलं, एकट्या माझ्या नणंदेने नाही. एकोणीस वर्षं तुम्ही पाकिटावर, पत्रावर सौ. विनिता लिहीत आलात. मी त्याला तुमची माया समजले. ती माहिती होती का?

अल्पेश आणखी एक बोलला. पुलीला पाना लावून त्याने इंजिन हाताने फिरवलं, आणि ते फिरलं. म्हणाला, ह्यात तेव्हाही काही दोष नव्हता. विपुलने माझ्याकडे बघितलं. गाडी बंद पडली होती ना, आई, असं विचारलं. मी चहा टाकायला आत गेले. त्याबद्दल आज लिहीत नाही.

मला खरं कळवा. तुमच्या मायेचं काय ते मी नंतर ठरवेन.

विनिता

॥ श्री ॥

पाली,
ता. १४ डिसेंबर २०२४

चि. विनिता हिस,
आशीर्वाद.

चारदा कागद घेतला नि फाडला. आता फाडणार नाही, जसं येईल तसं वाच.

मोरू पुरात मेला नाही. महाडच्या स्टँडवर पाणी चढलं तेव्हा तो एका शाळेच्या कौलावर दोन दिवस होता. खाली उतरला तो बोर्लीला न जाता मिळेल त्या ट्रकने पालीला आला. दारात उभा राहिला तेव्हा मला वाटलं, भूत आलं. तसाच दिसत होता. आठ दिवस बोलला नाही. तुला निरोप धाडायला निघाले तर पायात पडला. माझ्या डोक्यावर हात ठेवून मला शपथ घातली, की कळवलंस तर मी विहीर जवळ करीन. तो करणारा होता, विनिता. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं होतं.

मग एक दिवस बोलला. तुला हे लिहायला माझा हात जड झालाय.

त्या दिवशी दुपारी तो भाडं सोडून आला नि आत खाटेवर आडवा झाला. डोळे मिटले होते, झोप नव्हती. सोनाबाई पावसात धावत आली, केसरचं रक्त थांबत नाही म्हणाली. तू उंबऱ्यावर उभी राहून तिला सांगितलंस, की गाडी बंद पडलीय, सुरूच होत नाही, नि यांना ताप आहे. हे सगळं त्याने ऐकलं. तो मला म्हणाला, आक्का, मी उठून म्हणायचं होतं, की गाडी चालू आहे. मी उठलो नाही. ओढ्यावरच्या साकवावर पाणी आहे, हे मलाही माहीत होतं. विनिता माझ्यासाठी खोटं बोलली नि मी ते पांघरुणासारखं ओढून घेतलं.

केसर गेली. गावाने हळहळ केली, गाडी बिघडली म्हणून. मग ती दुरुस्त करायला नको? म्हणून तो सामान आणायला महाडला निघाला. कुठलं सामान आणायचं, हे त्यालाच ठाऊक नव्हतं. तुझ्यावर रागावला नव्हता. म्हणायचा, त्या घरात आम्ही दोघं समोरासमोर जेवायला बसू नि दोघांनाही माहीत असेल, तो घास मी गिळू कसा?

डिसेंबरात तू माहेरी गेलीस तेव्हा मीच त्याला बोलावलं. मनात होतं, घर बघेल, विपुलचं दप्तर बघेल नि थांबेल. सोनाबाई तेव्हा तान्ह्या शिवानीला घेऊन केसरच्या सासरी गेली होती, सगळी माणसं खळ्यावर. तो दोन दिवस शेडमध्ये होता, घरात पाऊल टाकलं नाही. ताट मी तिथेच नेलं. गाडीशी एवढं काय करतोस, विचारलं. म्हणाला, हिच्यावर खोटा आळ आलाय, निदान गंज तरी येऊ नये. तू यायच्या आदल्या दिवशी निघून गेला. मी दाराला कडी का घातली नाही, हे आजवर स्वतःला विचारते.

पुढे वलसाडजवळ ट्रकच्या गॅरेजात राहिला. कुलदीप म्हणून मालक होता, भला माणूस. दर दिवाळीला फोन यायचा. आधी विचारायचा, सोनाबाई कशी आहे. मग विपुल. मग तू. ह्याच क्रमाने.

एकवीस सालच्या एप्रिलमध्ये त्या आजारात गेला. कुलदीपने कळवलं, अग्नीही त्यानेच दिला. मी मागच्या विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं, कुणाला कळलं नाही. नंतर तुला पत्र लिहायला बसले. सौ. लिहायचं सोडलं असतं तर तू का म्हणून विचारलं असतंस. म्हणून लिहीतच राहिले. आज पहिल्यांदा लिहिलं नाही.

पहिली पंधरा वर्षं ती माहिती होती. नंतरची तीन भीती. पण त्यात मायाही होती गं, एवढं तरी खरं मान.

मी काही मागत नाही.

सत्यवती

बोर्ली पंचतन,
ता. ६ जानेवारी २०२५

ती. आक्का यांस,
नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. मधे काही दिवस मी आंघोळ, स्वयंपाक सोडून दुसरं काही केलं नाही. देह सापडला नव्हता म्हणून पदराआड जपलेलं मंगळसूत्र काढून देवघरात ठेवलं. सूतक तर केव्हाच फिटून गेलेलं.

तुमच्यावर रागावायचं ठरवलं होतं. पण तुमच्या पत्रातली उंबऱ्यावरची बाई मीच. तुम्हाला ती एकोणीस वर्षं ठाऊक होती आणि तरी तुम्ही माझ्या हातचं जेवत होतात. मला वाटत होतं, ते फक्त मला आणि भिंतीला माहीत आहे. हे जागे होते, हे मला कधी कळलंच नाही. शेवटच्या चार दिवसांत ते माझ्याशी बोलत नव्हते, ते मी तापाच्या नावावर घातलं. तो ताप तर मीच लावला होता त्यांना!

मला तेव्हा काय वाटलं, ते सांगते. सकाळी साकवावरून एक म्हैस वाहून गेल्याचं कोणीतरी बोललं होतं. सोनाबाई बोलत होती आणि मला ती म्हैस दिसत होती. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आधी माझं सुरू झालं. एवढ्या सहज आलं तोंडात, की मीच चपापले. दोन तासांनी मासळीचा टेम्पो मिळाला. तो त्याच साकवावरून गेला, आणि पार झाला. हे मला रात्री कळलं.

विपुलला सगळं सांगितलं, तुमचं पत्रही दिलं. तो उठून समुद्राकडे गेला. पुढच्या शनिवारी आला नाही. त्यानंतरच्या शनिवारी अल्पेशला घेऊन हजर. सरळ शेडमध्ये गेला. मी म्हटलं, अजून करायचंच आहे? तर म्हणाला, त्यांनी परत सुरू करता यावी म्हणूनच ठेवली होती ना.

जुनं तेल काढून नवीन घातलं, पॉइंट घासले, नवी बॅटरी लावली. टाकीवर भरवसा नव्हता, म्हणून पेट्रोलची बाटली टांगून नळी जोडली. मी पडवीत तांदूळ निवडत होते. सेल्फचा आवाज आला. खर् खर्. आक्का, माझ्या हातातलं सूप पडलं. तोच आवाज. पण ह्या वेळी थांबला नाही. दोनदा फुसफुसला, मागून निळा धूर निघाला आणि इंजिन चालू झालं. शेडची कौलं थरथरत होती. विपुल स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडला. मी घड्याळात बघितलं नाही. बघायचं नव्हतं.

मान वर केली तर मधल्या दगडी गडग्यापाशी सोनाबाई उभी. तिने अल्पेशला विचारलं, काय बिघडलं व्हतं रं हिचं? त्या बिचाऱ्याला काय माहीत. तो हात पुसत कौतुकाने म्हणाला, आजी, काहीच न्हाय. तेव्हा पण एका सेल्फला सुरू झाली असती.

सोनाबाई माझ्याकडे बघत राहिली. मग घरात गेली. त्या संध्याकाळी शिवानी आली, पण म्हणाली, आजी जेवत नाहीये, मी बसत नाही.

मी तिला सांगणार आहे. तुमचं मत कळवा, पण मी त्यासाठी थांबेनच असं नाही.

विनिता

॥ श्री ॥

पाली,
ता. १५ जानेवारी २०२५

चि. विनिता हिस,
आशीर्वाद.

घाईने लिहिते. सांगू नको. तुझं मन हलकं होईल, पण म्हातारीने ते ओझं कुठे ठेवायचं? तुझ्या हातची भाकरी तिने खाल्ली, तुझ्या मांडीवर नात वाढवली. ते सगळं मागे जाऊन आंबेल. मेकॅनिकचं बोलणं आहे, त्याला काय कळतं म्हणून सोडून दे. नि शिवानीचा विचार कर. तुला मूल एक नाही, दोन आहेत. एक गमावशील.

पण मी सांगणारी कोण? मी गप्प राहिले त्याचं काय झालं, ते बघतेच आहे. देव तुला सुचवील ते कर. माझं काय ते तुझ्यापाशीच आहे, ठेव किंवा टाक.

आक्का

बोर्ली पंचतन,
ता. ९ फेब्रुवारी २०२५

ती. आक्का यांस,
विनिताचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी गेले. मागल्या दारी सोनाबाई वाल सोलत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सांगितलं. गाडी चालू होती. यांना ताप नव्हता. मी घाबरले आणि खोटं बोलले. यांनी ते ऐकलं आणि म्हणून ते परत आले नाहीत, पुराने नेलं नाही. एवढंच सांगितलं. क्षमा मागायची म्हणून ठरवून गेले होते, पण तो शब्द तिच्या तोंडाकडे बघून निघेना.

तिने वालाची पाटी उचलली, आत गेली आणि दार लावलं. वीस वर्षांत ते दार दिवसा लागलेलं मी बघितलं नव्हतं. शिवानी यायची बंद झाली. विहिरीवर मी गेले की सोनाबाई कळशी अर्धी भरून निघून जायची. असे बारा दिवस गेले. मी तुम्हाला खोटं कशाला सांगू, त्या बारा दिवसांत मला पश्चात्ताप झाला. सांगितलं म्हणून झाला, केलं त्याचा नव्हे. मग त्याची लाज वाटली.

मागल्या रविवारी जेवणं झाल्यावर सोनाबाई आली. धुवट लुगडं नेसलेली, हातात काठी, मागे शिवानी. माझ्याकडे न बघता विपुलला म्हणाली, गाडी चालते ना, मग मला श्रीवर्धनच्या दवाखान्यात ने. विपुल घाबरला, म्हणाला, आजी, काय होतंय? ती म्हणाली, मला काय न्हाय व्हत. ने. मला काठीने पुढची सीट दाखवली. ती आणि शिवानी मागे बसल्या.

टायर, ब्रेक आणि टाकीचं काम अल्पेशने मधल्या शनिवारांत पुरं केलं होतं. गाडी छान चालली, आक्का. चढाला थोडी खोकते. विपुल फार जपून चालवत होता. साकवाच्या जागी आता पूल झालाय, वरून जाताना खाली पाणीही दिसत नाही. सोनाबाईने तिथे गाडी थांबवायला लावली, खिडकीतून खाली बघितलं आणि चल म्हणाली. भरडखोलच्या पुढे एका वळणावर पुन्हा थांबवली. एक निवडुंगाचं कुंपण, एक बंद टपरी, दुसरं काही नाही. शिवानीला म्हणाली, हितं. शिवानीने विचारलं, इथे मी झाले? सोनाबाई म्हणाली, तू जरा आदुगर. हितं ती गेली.

मग दवाखान्याच्या फाटकाशी पोचलो. विपुलने इंजिन चालूच ठेवलं होतं. आत जायचं का, त्याने विचारलं. ती काचेतून फाटकाकडे बघत होती. माणसं येत-जात होती, एक बाई तान्ह्या मुलाला पदराखाली घेऊन रिक्षाची वाट बघत उभी होती. मग सोनाबाईने विचारलं, किती येळ लागला रं? विपुल म्हणाला, मधे थांबलो ते धरून पन्नास मिनिटं. ती म्हणाली, येवढाच रस्ता व्हता व्हय.

तिचा आवाज चढला नव्हता. हिशेब लागल्यासारखं बोलली. मी पुढे बसून समोरच्या काचेकडे बघत होते आणि त्या वेळी मला वाटलं, हे इथे नाहीत ते बरं. दुसऱ्याच क्षणी वाटलं, नाही, ह्या जागी त्यांनीच बसायला हवं होतं.

घरी आलो. विपुल किल्ली फिरवणार तर तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बंद करू नको म्हणाली. आम्ही तिघं उतरलो, ती आत बसून राहिली. अंगणात गाडी धडधडत होती आणि मागच्या सीटवर ती एकटी, दोन्ही हात काठीवर. पाव तास तरी झाला असेल. शिवानी दाराशी जाऊन उभी राहिली, पण तिने दार उघडलं नाही. मग सोनाबाई म्हणाली, आता कर बंद.

उतरल्यावर तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. म्हणाली, तू आता माझ्या दारात येऊ नको. पोर यायची म्हणेल तर येऊ दे, तिला मी अडवणार न्हाय. आणि काठी टेकत गेली.

तुम्ही लिहिलं होतं तसंच झालं, आणि तसं झालंही नाही. मी तिच्या दारात जात नाही. विहिरीवर भेट झाली तर मी बाजूला सरते, ती पाणी भरून घेते. हे असंच राहील आणि ते बरोबर आहे. शिवानी चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी आली, वही उघडलीच नाही. म्हणाली, काकी, त्या दिवशी सकाळी माझी आई काय करत होती? तुम्ही बघितलंत का? मला आजपर्यंत कोणी सांगितलं नाही. खरंच, कोणी सांगणार? त्या दिवसाकडे आम्ही कोणी फिरकतच नव्हतो. मी सांगितलं. पागोळ्यांखाली पाय धरून उभी होती, सुजले होते म्हणून. पदरात फणसाच्या उकडलेल्या आठळ्या होत्या, त्यातल्या दोन मला गडग्यावरून दिल्या. तिसरी देताना हातातून निसटली, ती चिखलात गेली, आणि केसर इतकी हसली की तिला कमरेला हात धरावा लागला. शिवानीने विचारलं, मोठ्याने हसायची? मी म्हटलं, सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

ती रडली नाही. आणखी सांगा म्हणाली. रोज एकेक सांगते आहे. आठवतं तेवढं सांगते, नसेल आठवत तर नाही म्हणते.

विपुल चैत्रात वडिलांच्या तिथीला श्राद्ध घालायचं म्हणतो. वलसाडच्या कुलदीपना त्याने फोन केला होता. त्यांनी एक पत्र्याची पेटी ठेवली आहे, ती आणायला तो पुढच्या आठवड्यात जाईल. तुमच्यावर तो अजून रागावलेला आहे. तुमचं नाव निघालं की उठून जातो. तरी काल आपण होऊन म्हणाला, श्राद्धाला आत्याला आणायला मी जाईन, तिला एस.टी.त ऐकू येणार नाही, भलत्याच ठिकाणी उतरेल.

तेव्हा या. माझ्या मनात काय आहे, ते मला पुरतं कळलेलं नाही. पण तुमच्यासाठी मागची खोली झाडून ठेवली आहे आणि खाटेला नवा काथ्या घातला आहे. लोभ किती उरला, ते समोरासमोर बसून पाहू.

आपली,
विनिता